अब्बांच्या हाताची आवृत्ती

माझे वडील निवृत्त आहेत, असं मी ऑफिसात अकरा वर्षं सांगत आले. कशातून निवृत्त, असं कोणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, मिरजेत वाद्यांचा व्यवसाय होता. प्रत्यक्षात अब्बा रोज सकाळी आठ वाजता दुकानात पोतं टाकून मांडी घालून बसत. समोर तंबोरा आडवा, हातात कानस आणि भुवयांपर्यंत भोपळ्याची धूळ. दस्तगीर शिकलगारांच्या हातची जवारी म्हटलं की धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई मान डोलवायचे. मला मात्र त्या पोत्याची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या पोत्यापासूनच सुरू झालं.

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार त्यावर टेकते आणि टेकतही नाही असं व्हावं. मग तारेखाली एक दोरा सरकवायचा. जमलं तर एका तारेतून सुरांचा पुंजका उठतो, ती खुली जवारी. नाही जमलं तर आवाज घशात अडकल्यासारखा येतो, ती बंद. दोन्हींतला फरक केसापेक्षा बारीक असतो आणि डोळ्यांना तर दिसतच नाही. म्हणून आमच्या घरात एक रीत आहे. जवारी काढणाऱ्याने स्वतःच्या कानावर विसंबायचं नाही, कारण घासून घासून कान हाताची बाजू घ्यायला लागतो. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आतल्या खोलीत दार लावून बसायचं आणि नुसतं ऐकून सांगायचं, खुली की बंद.

आधी हे काम फुफी करायची. फुफी म्हणजे खैरून, अब्बांची थोरली बहीण, ती आमच्याकडेच राहते. मी सात वर्षांची झाल्यावर ते माझ्याकडे आलं. माझं नाव अब्बांनी तरन्नुम, म्हणजे सुरावट, ठेवलं ते काही उगीच नाही, असं ती म्हणायची. बाहेर अब्बा तार छेडायचे, आतून मी ओरडायचे, "अजून बंद!" की कानस पुन्हा सुरू. त्या खोलीत मी कधी खोटं बोलले नाही. तिथं खोटं बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय महिन्याभरात सावरला, उजवा हात मात्र लुळा पडला. पंधरा वर्षांपूर्वी असं झालं असतं तर हात गेला म्हणून सोडून द्यावा लागला असता. आता सेतू आहे, आणि सेतू बनवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात मी नोकरीला होते.

अशा झटक्यात हात मरत नाही. हात हलवण्याचा मेंदूतला इरादाही मरत नाही. मधला रस्ता तेवढा तुटतो. सेतूमध्ये कवटीखाली टपाल तिकिटाएवढी पट्टी बसवतात, ती इरादा टिपते. कानामागचा खडीसाखरेच्या खड्याएवढा संगणक त्याचा अर्थ लावतो आणि दंडापासून मनगटापर्यंत चढवलेल्या एका बाहीला तसा हुकूम देतो. बाही विजेच्या बारीक स्पंदनांनी स्नायू हलवते. बोटांना लागलेला स्पर्श याच रस्त्याने उलटा मेंदूपर्यंत जातो. तीन महिने रोज सराव केला की संगणक त्या माणसाच्या मेंदूची बोली शिकतो आणि हात पुन्हा त्याचा होतो.

म्हणजे जवळजवळ त्याचा. मधे संगणक आला की त्याची कार्यप्रणाली आली, आणि कार्यप्रणाली आली की तिच्या आवृत्त्या आल्या. टेबलावरच्या संगणकात आपण हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. डबा तोच, आतली प्रणालीही तीच, फक्त घरगुती आवृत्तीत काही सोयींना कुलूप घातलेलं. सेतूच्याही तीन आवृत्त्या आहेत: घर, विद्या आणि उद्योग. उद्योग आवृत्तीत बोटांचा दाब दोन हजार पायऱ्यांनी कमीजास्त करता येतो. विद्येतही तितक्याच पायऱ्या, पण नोंदणी केलेल्या संस्थेच्या आवारापुरत्या. घर आवृत्तीत पायऱ्या चाळीस. चहाचा कप, सदऱ्याचं बटण, सही, नमाज, एवढ्याला चाळीस पुरून उरतात. घर आवृत्तीच्या हाताने कमाईचं काम करायचं नाही, असं परवान्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. यंत्रात काडीचा फरक नाही. एका फाइलमधला एक आकडा बदललेला असतो, बस्. आणि घरवरून थेट उद्योगवर जाता येत नाही. घर परवान्याखाली हात जे शिकला ते त्या परवान्याबरोबर पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून तीन महिने.

मी पडताळणी विभागात होते. घर आवृत्ती घेऊन तिच्यावर गुपचूप धंदा करणारे लोक शोधायचे आणि त्यांना नोटीस धाडायची, हे माझं काम. मी त्या कामात चांगली होते. येवल्याच्या एका विणकर बाईंनी माझ्या नोटिशीला उत्तर लिहिलं होतं, "साहेब, हात माझा आहे की तुमचा, ते एकदा कळवावे." चहाच्या वेळी आम्ही ते मोठ्याने वाचलं आणि हसलो. मीही हसले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, तीही सांगते. सुरुवातीला घर आवृत्तीचा हात बारीक काम करायला गेला की कानात आवाज यायचा, "ही हालचाल आपल्या आवृत्तीत उपलब्ध नाही." लोकांना ते चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं आणि तक्रारींचा ढीग पडायचा. तेव्हा मीच टिपण लिहिलं, की आवाज काढून टाकावा, हाताने नुसतं थोडं ढोबळ काम करावं, वापरणाऱ्याला जाणवणार नाही. साहेबांना ते फार आवडलं. त्या वर्षी मला बढती मिळाली.

मिरजेच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी फॉर्म माझ्या पुढ्यात आला. 'लाभार्थी हाताने कमाईचे काम करतो का?' उद्योग लिहिलं असतं तर आधी कामाच्या जागेची पाहणी झाली असती. पाहणीला माझ्याच विभागातलं कोणीतरी आलं असतं, फोटो काढले असते, आणि ते पोतं, तो भुसा, बनियनवर बसलेले अब्बा आमच्या ऑफिसच्या भिंतीएवढ्या पडद्यावर झळकले असते. घर आवृत्ती कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना लगेच मिळत होती. अब्बा दहा हातांवर पलंगावर पडले होते. त्यांना विचारायला काही जड नव्हतं. मी विचारलं नाही. 'निवृत्त' असं लिहिलं, सही केली, आणि आता त्यांनी आराम केलेलाच बरा, अशी मनाची समजूत घातली.

तीन महिन्यांत हात हलायला लागला. अब्बांनी उजव्या हाताने पहिला घास घेतला त्या दिवशी फुफीने गल्लीत पेढे वाटले. दिवाळीच्या सुटीला मी घरी गेले तर अब्बा दुकानात पोत्यावर बसलेले, समोर एक जुना तंबोरा. तो सांगलीच्या उकिडवेबाईंचा होता. बाई सत्तरीच्या, चाळीस वर्षांच्या आमच्या गिऱ्हाईक. तंबोरा त्यांच्या गुरूंचा, आणि त्याच्या घोडीला अब्बांशिवाय कोणी कानस लावलेली त्यांना खपायची नाही. तीन आठवड्यांनी दर्ग्याच्या उरुसात त्यांचं गाणं होतं. हे आपलं शेवटचं, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अब्बा नव्या नवरदेवासारखे खुशीत होते. मला पाहताच म्हणाले, बरं झालं आलीस, जा आत. मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर कानशीचा आवाज सुरू झाला. अब्बांची कानस पूर्वी ऐकूच यायची नाही. आता ती दर चार घासांनंतर खरखरत होती. चाळीस पायऱ्या. एक पायरी उणी पडली की कानस नुसती सरकायची, एक पायरी वाढली की घोडी खरवडायची.

तार वाजली. बंद.

अब्बा घासत राहिले. पुन्हा तार, पुन्हा बंद. दीड तास हे चाललं होतं. एरवी ते मधूनच काहीतरी गुणगुणायचे, त्या दुपारी हूं की चूं नाही. मग त्यांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या आणि दारापलीकडून विचारलं, "कशी हाय?"

आवाज मेलेला होता. सात वर्षांच्या पोरीलाही कळलं असतं. आणि तो कोणी मारला हे त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं. दार उघडून सांगायला हवं होतं, की अब्बा, तुमचा हात चुकत नाही, त्याला बांधलंय, आणि गाठ मी मारली आहे. खोटी माहिती दिल्याबद्दल नोकरी गेली असती, ही भीती होतीच. पण ती दुसरी. पहिली भीती ही, की अब्बा विचारतील, निवृत्त का लिहिलंस?

मी आतून म्हणाले, "खुली आहे, अब्बा."

मग अब्बा "बरं" म्हणाले आणि खुंट्या सैल करू लागले.

त्यांना स्वतःला ऐकू येत होतं ना! कान ठणठणीत होता त्यांचा. पोरीला आपली कीव आली आणि ती आतल्या खोलीत बसून खोटं बोलली, एवढाच अर्थ त्यांनी काढला. आपला हात इतका वाया गेला असेल असं त्यांना तोवर वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी उकिडवेबाई आल्या. अब्बांनी त्यांच्यापुढे हात जोडले, तेही त्याच हाताने, आणि म्हणाले, "बाई, हात विसरला. माफी करा." बाई तंबोरा घेऊन गेल्या. दुसऱ्या कुणाकडे त्यांनी तो दिला नाही. उरुसात त्या यंत्रातल्या तंबोऱ्यावर गायल्या, आणि जेमतेम वीस मिनिटं.

मी पुण्याला निघाले तेव्हा अब्बांनी तीन कानशी तेल लावून, मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. एक त्यांच्या वडिलांची होती. तुझ्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेव, तिथं शोभतील, असं म्हणाले. टोमणा नव्हता तो. तसा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या खरंच कपाटात ठेवल्या. ऑफिसातले लोक जेवायला आले तेव्हा कोणीतरी विचारलं, हे काय अँटिक? आणि मी आजोबांपासूनची सगळी गोष्ट कौतुकाने सांगितली, खुली जवारी, बंद जवारी, आतली खोली. सगळे रंगून ऐकत होते. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. जे या लोकांनी बघू नये म्हणून मी वडिलांचा हात अडवला होता, तेच मी आता पाहुण्यांपुढे वाढत होते. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. पाहुणे गेल्यावर भांडी तशीच ठेवून मी कंपनीच्या नियमांची फाइल उघडली. त्यात मार्ग होता. खोट्या माहितीवर सही करणाऱ्याने स्वतः कबुली दिली तर कारवाई त्याच्यावर होते, लाभार्थ्याला आपल्या नावाने उद्योगसाठी अर्ज करता येतो. हा नियम मला पाठ होता. कितीतरी लोकांना मी तो नोटिशीत लिहून पाठवला होता.

शनिवारी मी मिरजेला गेले. अब्बा अंगणात खुर्चीवर बसले होते. आजकाल ते खुर्चीवर बसायचे. मी फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चाळीस पायऱ्या, फॉर्म, सही. आमच्या घरात दखनी बोलतात, मी इथे मराठीत मांडते आहे, पण अब्बा त्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मराठीतच बोलले.

"हाताला येत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हंजे मी सांगत होतो ते हाताला कळत होतं. मधल्यानं पोचू दिलं न्हाई."

"हो, अब्बा."

हेच त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी हो म्हणाले. मग त्यांनी फुफीला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली तर तिला म्हणाले, "आपा, हात विसरला नव्हता." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. शिव्या खायची तयारी करून मी आले होते. या आनंदाची तयारी मी केली नव्हती, आणि तो पाहताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

थोड्या वेळाने ते शांत झाले. मी म्हणाले, निवृत्त का लिहिलं ते विचारा ना. त्यांनी मान हलवली.

"ते काय विचारायचं? तू आठवीत असताना गॅदरिंगला मी कामावरनं तसाच आलो, तर तू मला मागच्या रांगेत बसवलंस. तवाच कळलंवतं. पोरांना वाटतं तसं. त्याचं मी मनाला लावून घेतलं न्हाई." त्यांनी फडकं उलगडून वडिलांची कानस अंगठ्याने चाचपली. "पण त्या दिवशी तुला आत ऐकू आलं न्हवं, बंद हाय म्हणून?"

"आलं."

"आणि तू खुली म्हणालीस."

अब्बांनी कानशी पुन्हा फडक्यात गुंडाळल्या. फुफी चहा ठेवायला आत गेली.

सोमवारी मी माझ्याविरुद्धचा अहवाल माझ्याच हाताने भरला. साहेबांनी बोलावून समजावलं, हे कशाला उकरतेस, कोणाला कळलंय? मी ऐकलं नाही आणि महिन्याअखेर नोकरी गेली. पाहणीला माझ्या विभागातलीच एक मुलगी मिरजेला आली. अब्बांनी बनियनवर, पोत्यावर बसून फोटो काढून घेतला. ती मुलगी तासभर दुकानातून हलली नाही. निघताना मला म्हणाली, इतके भारी वडील आहेत तुमचे, कधी बोलला नाहीत.

मग घर आवृत्ती पुसली. पुसायला अकरा सेकंद लागले. अब्बांचा हात पुन्हा मांडीवर लुळा पडला आणि तीन महिने तसाच होता. मी मिरजेतच राहिले. सकाळ-संध्याकाळ सराव घ्यायचा, भाकरी मोडून द्यायची, बटणं लावायची. अब्बा माझ्याशी नीट बोलायचे, थट्टाही करायचे. मला वाटलं, झालं, मिटलं.

जूनमध्ये उकिडवेबाई तंबोरा घेऊन स्वतः आल्या आणि दुकानात स्टुलावर बसल्या. गाणं पुन्हा करणार का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, आधी हा बोलू दे. अब्बांनी पोतं टाकलं. तीनही कानशी समोर मांडल्या. मी नेहमीच्या सवयीने उठले आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

"तू नको," अब्बा म्हणाले. रागाने नाही, अमुक कानस नको, तमुक दे, असं म्हणावं तसं. "आपाला बसव."

फुफीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि ती गुडघ्यांवर हात टेकत आत गेली. दार लागलं. बाईंच्या देखत उभं राहवेना, म्हणून मी दुकानाबाहेर पायरीवर जाऊन बसले.

कानस चालू होती की नाही ते बाहेर कळत नव्हतं, इतकी ती मऊ चालत होती. तार वाजली. आतून फुफीचा चिरका आवाज आला, अजून बंद. बरोबर होतं तिचं. पुन्हा कानस, पुन्हा तार. मधल्या जोडाच्या दोन तारा खुल्या झाल्या, सर्वांत खालच्या सुराची खर्जाची तार मात्र बंद, अगदी एका घासाची कसर. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, मी ओठ मिटले. फुफीनेही तेच सांगितलं. समोरच्या दुकानातला पॉलिश करणारा हातातलं काम थांबवून ऐकत उभा होता.

मग अब्बांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या, आणि तो आवाज पायरीच्या दगडातून माझ्या अंगात चढला. गुरूंच्या वेळेपासून त्या भोपळ्यात जे काही साठून होतं ते सगळं बाहेर आलं. आत उकिडवेबाईंनी हलकेच षड्ज लावला.

"कशी हाय?" अब्बांनी विचारलं.

खुली होती. प्रश्न मला नव्हता, म्हणून मी बोलले नाही.